सजावट नंतर, हिस्टरी आधी: डेव्हलपमेंटसाठी शेल कसं जुळवून घ्यावं?

सुपरकॉरिडॉर (इंदूर)

मंडळी,

आमच्या टीममध्ये दर उन्हाळ्यात कॉलेजातून नवी मुलं येतात. लॅपटॉप हातात पडला की बहुतेकांचा पहिला दिवस एकाच कामात जातो: झेडशेल टाकायचं (टाइप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल, त्यातलं हे एक), त्यावर ओह-माय-झेडशेल हा सजावटीचा तयार संच चढवायचा, बाणाबाणांचा रंगीत प्रॉम्प्ट (कमांडच्या आधी दिसणारी खूण) लावायचा. दिसतं झकास, त्याबद्दल वाद नाही. पण दोन आठवड्यांनी विचारावं, "त्या दिवशी स्टेजिंगचा डंप कुठल्या कमांडने घेतला होतास रे?" तर वरचा बाण दाबत बसतात आणि कमांड काही सापडत नाही. पुन्हा गूगल, पुन्हा तीच पानं.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच की शेल जुळवायला बसलात तर सगळ्यात आधी हिस्टरी, म्हणजे चालवलेल्या कमांडांची यादी, पक्की करा. डोकं लावून, चार ठिकाणी वाचून एकदा जमलेली कमांड पुन्हा शोधावी लागणं हे मला फार वाईट वाटतं. तुमच्या कामाची ती खरी नोंद असते आणि ती आपोआप तयार होते, फक्त पुसली जाऊ द्यायची नाही.

(कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन. कॅपिटल लागतील तिथे सांगेन.)

लिनक्सवर सहसा असतं त्या बॅश शेलपासून सुरुवात करू. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ (दोन्ही कॅपिटलमध्ये) दिलेच नाहीत तर बॅश फक्त ५०० कमांड ठेवतं. उबुंटू आपल्या बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) ते अनुक्रमे १००० आणि २००० करून देतं. दिवसभर टर्मिनलमध्ये असणाऱ्याला हे काहीच नाही. दोन्हींची किंमत उणे एक करा, मर्यादाच राहत नाही. हे बॅश ४.३ पासून चालतं. मॅकवर मात्र अजून ३.२ आहे, कारण ४.० पासून बॅशचा परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपल त्याच्या आधीच थांबलं. तिथे सरळ लाखाचा आकडा टाका.

त्याहून जास्त नुकसान होतं ते अनेक खिडक्यांमुळे. बॅश हिस्टरी फाइलीत उतरवतं ते खिडकी बंद करताना, आणि मूळ सेटिंगमध्ये आधीच्या फाइलीवरच लिहितं. समजा दोन टॅब उघडे आहेत. पहिला बंद केलात, त्याच्या कमांडा लिहिल्या गेल्या. मग दुसरा बंद केलात, त्याने स्वतःची यादी तिथे ठेवली. पहिल्या टॅबमधलं सकाळभराचं काम गेलं. यावर उपाय म्हणजे शॉप्टने (बॅशचे पर्याय चालू-बंद करणारी कमांड) हिस्टअपेंड चालू करणं. उबुंटूत ते आधीच असतं, बाकी ठिकाणी बघून घ्या. त्याच्या जोडीला प्रॉम्प्ट-कमांड या व्हेरिएबलमध्ये 'हिस्टरी -ए' घाला, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर लगेच नोंद होते. जूनमध्ये आपल्याकडे पहिलं वादळ आलं की लाइट जातेच. डेस्कटॉपवाल्यांना याची किंमत तेव्हा कळते.

हिस्टटाइमफॉर्मॅट दिलंत तर तारीख-वेळही राहते. "मागच्या महिनाअखेरीला काय चालवलं होतं" याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

झेडशेलमध्ये तर आणखी जपा. काहीही कॉन्फिगर न केलेल्या झेडशेलमध्ये सेव्हहिस्ट शून्य असतं, म्हणजे खिडकी बंद झाली की काहीच उरत नाही. हिस्टफाइल, हिस्टसाइझ, सेव्हहिस्ट तिन्ही द्यायचे. शेअर-हिस्टरी लावलं तर एका खिडकीतली कमांड लगेच दुसरीत दिसते. मला ते आवडत नाही, वरचा बाण दाबला की भलत्याच प्रोजेक्टची कमांड समोर येते. मी इंक-अपेंड-हिस्टरी वापरतो: नोंद लगेच होते, पण प्रत्येक खिडकीची यादी आपापली राहते.

आता शोधणं. होम फोल्डरमध्ये डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल करा आणि वरच्या बाणाला हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड जोडा, खालच्याला फॉरवर्ड. मग 'डॉकर र' एवढं टाइप करून बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू झालेल्या कमांडा एकेक करून येतात. ही फाइल रीडलाइनची (टाइप केलेली ओळ हाताळणारी लायब्ररी) आहे, एकट्या बॅशची नाही, त्यामुळे रीडलाइन वापरणाऱ्या जीडीबी या डीबगरसारख्या प्रोग्रामांतही तेच बाण चालतात. त्याच फाइलीत कम्प्लीशन-इग्नोअर-केस चालू करा. शिवाय एफझेडएफ हे शोधायचं साधन टाकलंत तर कंट्रोल-आरचं (हिस्टरीत शोधायची कळ) रूपच बदलतं: अर्धवट आठवलेले तुकडे कुठल्याही जागी असले तरी सापडतात.

प्रॉम्प्टबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चार गोष्टी पुरतात: फोल्डर, गिटची ब्रँच, आधीची कमांड फसली असेल तर तिचा एक्झिट कोड (संपताना तिने दिलेला आकडा), आणि प्रॉडक्शन सर्व्हरवर असाल तर लाल पार्श्वभूमीवर मशीनचं नाव. हे शेवटचं त्या सर्व्हरच्याच बॅशआरसीत घाला, म्हणजे कोणीही लॉगिन केलं तरी लाल दिसेल. पीएस१मध्ये (प्रॉम्प्ट ठरवणारं व्हेरिएबल) रंगाचे कोड घालताना ते उलटी तिरकी रेघ आणि चौकटी कंस यांच्या जोडीत ठेवायचे. नाहीतर बॅश ती अदृश्य अक्षरंही लांबीत मोजतं आणि लांब कमांड लिहिताना ओळ स्वतःवरच चढते. "टर्मिनल बिघडलंय" म्हणून जे येतात त्यांच्यात हेच जास्त निघतं.

तुमच्या फाइलींत काय काय आहे ते लिहा. आणि का आहे तेही.

अंतिमवर्ष

भिया, नमस्कार. मी इंदूरलाच आहे, भंवरकुआंजवळ राहतो. इंटर्नशिपला एका सीनियरने त्यांची पूर्ण झेडशेलआरसी दिली, शेकडो ओळी आहेत. आता नवीन टॅब उघडला की तीन-चार सेकंद नुसता कर्सर दिसत राहतो. काय काढायचं ते कळत नाही, आणि काही काढलं तर काय तुटेल याची भीती वाटते.

बडोदेकरीण

अंतिमवर्ष, भीती वाटणं साहजिक आहे, पण तू अंदाजाने काही काढूच नकोस. आधी मोज.

'टाइम झेडशेल -आय -सी एक्झिट' चालव. किती वेळ जातो तो आकडा येईल. मग झेडशेलआरसीच्या अगदी पहिल्या ओळीत 'झेडमॉडलोड झेडशेल/झेडप्रॉफ' आणि अगदी शेवटच्या ओळीत नुसतं 'झेडप्रॉफ' लिही. नवीन टॅब उघडलास की कुठल्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले याचा तक्ताच समोर येतो.

माझ्या अनुभवात गुन्हेगार दोन-तीनच असतात. एनव्हीएम हा पहिला. नोडच्या आवृत्त्या सांभाळायला तो चांगला आहे, पण प्रत्येक टॅबमध्ये आपली भलीमोठी स्क्रिप्ट वाचतो आणि चालू आवृत्ती कोणती ते ठरवत बसतो. तू त्या टॅबमध्ये नोड वापरणार नसलास तरी. एनव्हीएम लोड करणाऱ्या ओळीच्या शेवटी '--नो-यूज' लाव, निम्मं दुखणं तिथेच जातं. नाहीतर नोड, एनपीएम, एनव्हीएम या नावांची छोटी फंक्शनं लिही: पहिल्यांदा हाक मारली की ती खऱ्या एनव्हीएमला लोड करतील आणि स्वतः बाजूला होतील.

दुसरा कॉमपइनिट, टॅबने कमांड पूर्ण करायची तयारी करणारा. फ्रेमवर्क तो एकदा चालवतंच, आणि कुठून तरी उचललेल्या ओळींत तो पुन्हा असतो. एकदाच ठेव. तिसरा कंडा, पायथनची पॅकेजं सांभाळणारा.

ओह-माय-झेडशेल मात्र सरसकट वाईट नाही हं. रॉबी रसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलं आणि त्यामुळे कितीतरी लोक टर्मिनलला घाबरेनासे झाले. त्यात तीनशेहून जास्त प्लगिन आहेत. त्यातले तू वापरतोस ते ठेव, म्हणजे बहुधा गिट आणि आणखी एखादा.

आणि सीनियरची फाइल डिलीट करू नकोस. नाव बदलून बाजूला ठेव, रिकाम्या फाइलीने सुरुवात कर आणि काम करताना ज्याची उणीव भासेल तेवढंच त्यातून उचल.

लष्कर_ग्वाल्हेर

धागा उत्तम. सुपरकॉरिडॉर यांनी हिस्टरीला पहिला मान दिला हे वाचून बरं वाटलं. मी सोलारिसवर कॉर्न शेल वापरत मोठा झालो, त्यामुळे थोडं जुनं सांगतो.

बोर्न शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं. बिल जॉय यांचं सी शेल बर्कलीतलं, हिस्टरी आणि एलियस (कमांडला दिलेलं आपलं छोटं नाव) लोकांच्या अंगवळणी पडले ते त्याच्यामुळे. मग कॉर्न शेल, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश, १९९० मध्ये पॉल फाल्स्टॅड यांचं झेडशेल. हे सांगायचं कारण असं की प्रत्येकाने आधीच्याच्या सवयी सांभाळत नवं जोडलं, आणि त्यामुळेच कुठली फाइल केव्हा वाचली जाते हा गुंता झाला. नव्या मुलांचे निम्मे प्रश्न त्याच गुंत्यातले असतात.

बॅशपुरतं सांगतो. लॉगिन शेल असेल तर बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन, प्रोफाइल या तिघांपैकी जी पहिली सापडेल तेवढी एकच वाचतं. लॉगिन नसलेलं पण आपण टाइप करत असलेलं शेल बॅशआरसी वाचतं. लिनक्सवर टर्मिनलची खिडकी सहसा दुसऱ्या प्रकारची असते, मॅकच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक खिडकी पहिल्या प्रकारची. म्हणून लिनक्सवर चालणारी फाइल मॅकवर नेली की "सेटिंग लागतच नाहीत" अशी तक्रार येते. बॅश-प्रोफाइलमधून बॅशआरसी सोर्स करा (म्हणजे तिथूनच वाचायला लावा), प्रश्न मिटतो. पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) आणि एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबलं प्रोफाइलमध्ये. एलियस, प्रॉम्प्ट, कम्प्लीशन आरसीत.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती सापडायला फार वेळ लागतो. सर्व्हरच्या बॅशआरसीत कोणी तरी स्वागताचा मजकूर इको करून ठेवतो. लॉगिन केलं की छान दिसतो. पण एसएसएचवरून फाइल पाठवायला गेलात तरी बॅश ती फाइल वाचतं, आणि तो मजकूर फाइलींच्या संवादात घुसतो. मग एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली हलवणारा प्रोग्राम) म्हणतं: रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५. हा आकडा बघून माणूस नेटवर्क, फायरवॉल, डिस्क सगळं तपासतो. तो आकडा म्हणजे 'वेलकम' शब्दाची पहिली चार रोमन अक्षरं आहेत, पहिलं कॅपिटल धरून. समोरच्या प्रोग्रामला पहिले चार बाइट म्हणजे येणाऱ्या संदेशाची लांबी वाटते, त्याने अक्षरांचाच आकडा केला. ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीसुद्धा आतून एसएफटीपीच वापरतं, म्हणून तिथेही हेच.

यासाठीच उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीला "शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा" अशा ओळी असतात. त्या काढू नका. काही छापायचंच असेल तर त्यांच्या खाली.

हिस्टरीबद्दल एक भर: कोणी तपासणीसाठी 'बॅश --नोआरसी' चालवलं तर त्या शेलला तुमचं उणे एक ठाऊक नसतं. बंद होताना ते तुमची सगळी हिस्टरी कापून ५०० ओळींवर आणतं. म्हणून हिस्टफाइलचं नावच वेगळं द्या. आरसी न वाचलेलं शेल मूळ नावाच्या फाइलीला हात लावेल, तुमच्या फाइलीला नाही.

सुपरकॉरिडॉर

लष्करकाका, शेवटच्या मुद्द्यासाठी मनापासून धन्यवाद. हा आजच आमच्या टीमच्या वहीत जातोय.

जलचर

तुम्ही सगळे हिस्टरी आणि शोध यासाठी एवढं लिहिताय, फिश नावाच्या शेलमध्ये हे काहीही न करता मिळतं. टाइप करायला लागलं की जुन्या कमांडीतून पुढचा भाग फिकट अक्षरात दिसतो, उजवा बाण दाबा, झालं. कमांडचं नाव चुकलं तर एंटर मारण्याआधीच लाल. २००५ पासून आहे, आणि ४.० पासून आतलं सगळं रस्टमध्ये नव्याने लिहिलंय. "पॉझिक्स (शेलचं सामाईक प्रमाण) नाही" हा आक्षेपही आता बोथट झालाय, दोन अँपरसँडने कमांड जोडणं ३.० पासून चालतं.

सुपरकॉरिडॉर

जलचर, टाइप करण्यासाठी फिश उत्तम, मान्य. माझी अडचण वेगळी आहे. टीमच्या रीडमीमध्ये, डॉकरफाइलीत, सीआयच्या (कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या) पायऱ्यांत जे लिहिलेलं असतं ते एसएच किंवा बॅशचं असतं. नव्या मुलाने फॉर लूप फिशच्या पद्धतीने शिकला की तो सर्व्हरवर जाऊन अडखळतो. दहा वर्षं बॅश लिहिलेल्याने फिश घ्यावं, खुशाल. पहिल्या वर्षी नको.

जलचर

शिकणाऱ्याबद्दल बोलत असाल तर पटतं. मी स्क्रिप्ट बॅशमध्येच लिहितो, शेबँग (कुठलं शेल ते सांगणारी पहिली ओळ) देऊन. लॉगिन शेलसुद्धा बदललेलं नाही, टर्मिनलच्या सेटिंगमधून फिश उघडतो. एवढं पाळलं तर काही तुटत नाही.

बडोदेकरीण

मला मूळ पोस्टबद्दल एक गंभीर शंका आहे. अमर्याद हिस्टरी म्हणजे पासवर्ड आणि टोकनसुद्धा अमर्याद काळ साध्या मजकुरात पडून. कमांडमध्येच पासवर्ड देणारे खूप आहेत. डेटाबेसची जोडणी, कर्लच्या हेडरमधलं टोकन. लॅपटॉप दुरुस्तीला गेला, बॅकअप कुठे तरी ठेवला, की ती फाइल दुसऱ्याच्या हातात. जितकी जुनी, तितकी जास्त गुपितं.

सुपरकॉरिडॉर

ताई, शंका रास्त आहे आणि मूळ पोस्टमध्येच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पण त्यासाठी हिस्टरी छोटी करणं मला पटत नाही. ५०० ओळींची हिस्टरीसुद्धा पासवर्ड ठेवतेच. गुपित कमांडमध्ये येऊच नये ही खरी दुरुस्ती.

हिस्टकंट्रोलला इग्नोअरबोथ द्या (उबुंटूत असतंच). मग कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती नोंदवली जात नाही. झेडशेलमध्ये हिस्ट-इग्नोअर-स्पेस. पोस्टग्रेस डेटाबेससाठी होममध्ये डॉट-पीजीपास ही पासवर्डची फाइल ठेवा, परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), त्याहून सैल असेल तर ती फाइल वापरलीच जात नाही. टोकन एकदाच लागणार असेल तर 'रीड -एस' ने व्हेरिएबलमध्ये घ्या, पडद्यावर दिसतही नाही. प्रोजेक्टपुरती व्हेरिएबलं डायरेन्व्ह या साधनाकडे द्या. फोल्डरमध्ये शिरलं की चढतात, बाहेर पडलं की उतरतात, आणि डॉट-एन्व्हआरसी बदलली की तुम्ही पुन्हा 'अलाउ' म्हटल्याशिवाय ती चालत नाही. गिटमध्ये ती फाइल जाऊ नये हे बघा, एवढंच.

बडोदेकरीण

हे पटलं. तरी मी वर्षातून एकदा हिस्टरीत 'पास', 'टोकन', 'सीक्रेट' शोधून त्या ओळी काढते. तेही लिहून ठेवा.

कोरा_कागद

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. मी प्रोग्रामर नाही, थोडं पायथन येतं. इंदुरातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची सूची आम्ही काही जण हौसेने डिजिटल करतोय. फाइलींची नावं मुद्दाम मराठीत ठेवलीत, कारण वाचनालयातल्या ज्येष्ठ मंडळींना ती वाचता यायला हवीत. पण गिट स्टेटस केलं की नावांच्या जागी नुसते आकडे दिसतात. आणि त्याहून विचित्र म्हणजे, एकाच फोल्डरमध्ये 'कादंबऱ्या' नावाचे दोन फोल्डर दिसताहेत. हुबेहूब तेच नाव. असं होऊच कसं शकतं?

लष्कर_ग्वाल्हेर

फार चांगलं काम करताय. पहिलं उत्तर माझ्याकडून.

'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' एकदा चालवा. गिट मूळ सेटिंगमध्ये रोमनपलीकडचा प्रत्येक बाइट ऑक्टल आकड्यात दाखवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. 'पावती' या नावात प, काना, व, त, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा आकडे. 'प' चे ३४०, २४४, २५२. फाइलीचं काही बिघडलेलं नसतं, फक्त दाखवणं.

एलएसमध्येही (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) तसंच दिसत असेल तर 'लोकेल' चालवून बघा. एलएएनजी (भाषेची सेटिंग) नुसतं 'सी' असेल तर बॅशआरसीत सी.यूटीएफ-८ किंवा एन-आयएन करा. आणि तीन बाइटांचा आणखी एक परिणाम: लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजायची. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल सगळं नावात घालायला गेलात तर ते पुरणार नाही.

बडोदेकरीण

दोन 'कादंबऱ्या' चं मी सांगते.

गोष्ट 'ऱ' ची आहे. ते युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एक स्वतंत्र चिन्ह, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखेच, नियमाप्रमाणे दोन्ही समानच, पण बाइट वेगळे. लिनक्सची फाइल सिस्टम फक्त बाइट बघते, तिच्या दृष्टीने ही दोन नावं झाली. 'एलएस | ओडी -बी' करून बघा. एकात ३४० २४४ २६१ सापडेल, दुसऱ्यात ३४० २४४ २६० आणि मग ३४० २४४ २७४. तुमच्यापैकी कोणाची डिस्क जुन्या मॅकची, एचएफएस प्लसची आहे का? ती फाइल सिस्टम नावं फोडूनच साठवायची.

म्हणजे ग्रेप करतानाही (मजकुरात शोधतानाही) सांभाळा. तुमच्या की-बोर्डवरून एक 'ऱ' येणार आणि फाइलीत दुसरं असणार, सापडणार नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या असे 'ऱ' वाले शब्द सूचीत भरपूर असतील.

कोरा_कागद

हो! एक हार्ड डिस्क खरोखर जुन्या मॅकवरून आली आहे. मग आता दोन्ही फोल्डर एक कसे करू? नाव टाइप केलं की नेहमी एकच उघडतो.

बडोदेकरीण

नावाने जाऊच नका. 'एलएस -आय' केलं की प्रत्येक फोल्डरच्या आधी त्याचा आयनोड क्रमांक दिसतो, तो दोघांचा वेगळा असणारच. 'फाइंड . -आयनम' आणि तो क्रमांक देऊन '-एक्झेक' मधून एमव्हीने फुटक्या 'ऱ' च्या फोल्डरचं नाव तात्पुरतं साध्या रोमनमध्ये बदला. मग आतल्या फाइली नीट बघून दुसऱ्यात हलवा. आधी बॅकअप.

ते झालं की पूर्ण संग्रहावर 'कन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी' चालवा. सगळ्या नावांतले फुटके 'ऱ' जोडले जातील. ते नुसतं काय बदलणार ते दाखवतं, खरं बदलायला '--नोटेस्ट' जोडावं लागतं. यादी वाचून मगच जोडा.

खिडकीवाला

माझ्याकडे विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहे. कम्प्लीशन फार सावकाश चालतं. वर सांगितलेलं झेडप्रॉफ करून बघितलं, काही सापडलं नाही.

सुपरकॉरिडॉर

डब्ल्यूएसएल विंडोजचा सगळा पाथ लिनक्सच्या पाथला जोडतं. टॅब दाबला की त्या सी ड्राइव्हच्या फोल्डरांतही शोध होतो, आणि ती वाट संथ आहे. ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल.कॉन्फ फाइलीत इंटरॉप या भागाखाली अपेंडविंडोजपाथ फॉल्स करा, मग पॉवरशेलमधून 'डब्ल्यूएसएल --शटडाउन'. 'कोड .' (व्हीएस कोड एडिटर उघडणारी कमांड) चालेनासं होईल, त्याचा पूर्ण पत्ता देऊन एक एलियस करून ठेवा. आणि प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होममध्ये ठेवा. गिटमध्येही फरक लगेच जाणवेल.

लष्कर_ग्वाल्हेर

एलियसचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती. फाइल पुसणाऱ्या 'आरएम' ला 'आरएम -आय' चा एलियस करू नका. तुमच्या मशीनवर ते प्रत्येक वेळी विचारतं, तुम्ही निर्धास्त होता, बोटांना सवय लागते की "चुकलं तर विचारेलच". मग एखाद्या सर्व्हरवर जाता जिथे तो एलियस नाही. तिथे ते विचारत नाही. विचारून पुसणारं काही हवंच असेल तर त्याला वेगळं नाव द्या. मूळ कमांडचा अर्थ बदलेल असं काहीही आपल्या फाइलीत नको. जोड द्यावी, मुळाला हात लावू नये. ज्याला पॅरामीटर लागतात त्याचं फंक्शन करा, एलियसला ते पेलत नाही.

अंतिमवर्ष

बडोद्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. झेडप्रॉफमध्ये सगळ्यात वर एनव्हीएम होतं, त्याखाली कॉमपइनिट, आणि तो खरंच दोनदा होता. रिकाम्या फाइलीपासून सुरुवात केली. आता टॅब लगेच उघडतो. हिस्टरीच्या ओळी सगळ्यात वर घातल्या आहेत.

एकच प्रश्न राहिला. पायथनची नवीन आवृत्ती टाकली, पाथमध्ये तिचं फोल्डर आधी लावलं, तरी जुनीच चालते. 'विच' नवीन दाखवतो!

सुपरकॉरिडॉर

शाब्बास. त्या टॅबमध्ये आधी जुनं पायथन चालवलं असशील. शेल कमांडचा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं, दर वेळी शोधत नाही. तू बॅशमध्ये असशील तर 'विच' हा वेगळा प्रोग्राम आहे, तो नव्याने पाथ बघतो, त्याला शेलच्या मनातलं कळत नाही. 'टाइप पायथन३' कर, शेल स्वतः काय चालवणार ते सांगेल. मग 'हॅश -आर', ती आठवण पुसली जाते. झेडशेलमध्ये पाथ बदलला की ती बहुधा आपोआप पुसली जाते. तिथेही जुनंच चालत असेल तर 'टाइप -ए' करून एखादा एलियस आड येतोय का ते बघ. आणि तिथे 'टाइपसेट -यू पाथ' ही ओळही घाल, म्हणजे तेच फोल्डर पाथमध्ये पुन्हा पुन्हा जमत नाही.

आता ही फाइल गिटमध्ये घाल. होममध्ये डॉटफाइल्स नावाचं एक फोल्डर, त्यात या सगळ्या फाइली, आणि जीएनयू स्टो या साधनाने होममध्ये सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारा दुवा). प्रत्येक ओळ का घातली ते कमिटच्या संदेशात लिही. नवीन लॅपटॉप मिळाला की क्लोन कर, स्टो चालव, झालं. टोकनवाली फाइल मात्र वेगळी, त्या फोल्डरच्या बाहेर.

कोरा_कागद

ताई, आयनोडने जमलं. फुटक्या फोल्डरमध्ये सूचीच्या कितीतरी फाइली होत्या, आम्ही त्या हरवल्या असं धरून पुन्हा टाइप करायला घेणार होतो. कन्व्हएमव्हीची यादी आता वाचतेय, 'दुसऱ्या आवृत्त्या' नावाचा फोल्डरही त्यात निघालाय.